चौतीस कोरे गोल

मी एक जुने परीक्षेचे पॅड आहे. रंगाने तपकिरी, एका कोपऱ्याला तडा, डोक्यावर लोखंडी चाप. मित्रांनो, तुम्हाला वाटेल या निर्जीव फळीला कसली आली आहे भीती? पण माझे आयुष्य घाबरलेल्या हातांखाली गेले. वाण नाही पण गुण लागतोच.

लाकडाचा भुसा दाबून एका कारखान्यात मला घडवले. दुकानदाराने माझा चाप दोनदा उघडून दाखवला आणि एका घरातल्या थोरल्या मुलीने, ताईने, मला विकत घेतले. तिच्या वेळी चुकीच्या उत्तराला शिक्षा नव्हती. जे येत नसे तिथे ती बेधडक उत्तराचा कुठलाही गोल काळा करी. अंधारात दगड मारायला काय जाते? ती पास होऊन शिक्षिका झाली आणि घरात माझे कौतुक झाले. पुढे पाच वर्षे मी कपाटामागे धूळ खात पडले. कधी डास मारायला बाहेर काढत, तेवढेच.

मग तिच्या धाकट्या बहिणीने मला पुसून घेतले. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्याचे काम करी. हजार नळ्या नीट धुतल्या तर कोणी शब्द काढत नसे. एक फुटली की दिवसभर बोलणी. तिला तिथेच रक्ताचे नमुने तपासणारी तपासनीस व्हायचे होते. त्या अभ्यासक्रमाला शंभर प्रश्नांची प्रवेश परीक्षा होती, आणि आता नियम बदलला होता. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा, कोऱ्याला काही नाही.

त्या परीक्षेत तिच्या हाताला इतका घाम होता की माझा कोपरा भिजून फुगला. पेन्सिल गोलावर यायची आणि परत जायची. चौतीस गोल कोरे राहिले. प्रवेशाला दोनशे चाळीस गुण हवे होते, तिला मिळाले दोनशे चौतीस.

घरी ताईने तिची प्रश्नपत्रिका माझ्यावर लावली. "हे ठिपके कसले गं?"

"जे उत्तर वाटत होतं, त्या पर्यायापुढे पेन्सिल टेकवली होती. गोल भरायचा धीर नाही झाला."

ताईने एकेक ठिपका उत्तरांशी ताडून पाहिला. "चौतीसपैकी चौदा बरोबर आहेत. छप्पन्न मिळाले असते, वीस गेले असते. छत्तीस गुण हातात होते तुझ्या, वेडाबाई, आणि तू सहाने राहिलीस."

धाकटीने एका ठिपक्यावर बोट चोळले. मग हळूच म्हणाली, "पण वीस चुकले असते ना."

पुढचे वर्ष शेवटचे होते. त्यानंतर तिचे वय परीक्षेत बसत नव्हते. ताईने घरी सराव घेताना नियमच फिरवला. "बरोबरला पाच, कोऱ्याला एक, चुकीला शून्य. वजा काहीच नाही." त्या दिवशी धाकटीने भराभर गोल भरले. ताई हसली. "अगं, हिशोब तोच आहे. मी फक्त प्रत्येक प्रश्नाला एक गुण आधीच देऊन टाकला." धाकटीने आपल्या हाताकडे पाहिले. तो कोरडा होता.

पण घर वेगळे आणि परीक्षेचा हॉल वेगळा. तिथे तिने मला छातीशी धरले तेव्हा तिचे काळीज माझ्यावर आपटत होते. खरे सांगते मित्रांनो, मीही घाबरून गेले होते. सत्तेचाळिसाव्या प्रश्नाशी पेन्सिल पुन्हा अडली. तिने दोन पर्यायांवर फुली मारली, ते नक्की चूक होते. उरले दोन. ती पुटपुटली, "कोऱ्याला एक, चुकीला शून्य." आणि तिने गोल इतक्या जोराने काळा केला की त्याचा खड्डा माझ्या अंगावर आजही आहे. जिथे काहीच सुचत नव्हते असे आठच गोल तिने सोडले.

निकालाचा कागद आधी वडिलांच्या हाती पडला. वडील असे, की वीसपैकी अठरा गुण आणले तरी विचारायचे, दोन कुठे सांडले? अडुसष्ट बरोबर, चोवीस चूक, आठ कोरे. त्यांच्या कपाळावर आठी चढली. मी खिडकीत होते, तरी माझा चाप गार पडला.

"चोवीस चुका?" वडील म्हणाले.

धाकटी जागची हलली नाही. "हो बाबा, चोवीस. त्या करायची तयारी ठेवली म्हणून प्रवेश मिळाला."

वडिलांनी कागद पुन्हा वाचला. मग ते बाकावर जरा सरकले आणि म्हणाले, "ये, बस इथे."

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसू नका, माझ्यावर पाण्याचा तांब्या ठेवू नका, एवढे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठे मागणे दुसरे आहे. तुमच्या घरी कोणी चुका करून आले, तर आधी त्याला बसायला जागा द्या. चुका नंतर मोजा.