लाकडी तळव्यावरची खूण

मी एक जुना पाय आहे, मित्रांनो. डावा. गुडघ्याखालचा. लाकडाचा.

तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. पाय म्हटला की त्याच्यावर माणूस हवा, आणि मी तर इंदापुरातल्या एका खोलीत खुंटीला टांगलेला आहे. पण माझ्यावरही माणूस होता. पुष्कळ वर्षं होता. त्याचं नाव जोतीराम. गाव पिंपळी, बारामतीजवळचं.

त्याआधी मी शिवणीचं झाड होतो. शिवणीचं लाकूड वजनाला हलकं, म्हणून मला खडकीला आणलं. लढाईत हातपाय गेलेल्या शिपायांसाठी तिथे हातपाय बनवत. मला घडवणारा मिस्त्री पंजाबी होता आणि त्यालाही एक पाय नव्हता. तो मला तासायचा, डोळ्यांसमोर धरायचा, पुन्हा तासायचा. त्याने टाच केली, तळवा केला. बोटं मात्र केली नाहीत. बुटात बोटं कोण बघतो, असं त्याला वाटलं असावं. मांडीला आवळायला चामड्याचा पट्टा बसवला आणि मी तयार झालो.

जोतीराम मराठा पलटणीत होता. त्याचा पाय पहिल्या महायुद्धात, इराकातल्या बसऱ्याकडच्या लढाईत गेला. मला बांधून तो पहिल्यांदा उभा राहिला, तो दिवस मी विसरलेलो नाही. झाड असताना मी जन्मभर एका जागी उभा होतो. पाऊल टाकणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. आणि आता मी भिंतीपासून खिडकीपर्यंत गेलो! एक तोडलेलं झाड आणि एक तोडलेला माणूस, दोघे मिळून चालले. मी थक्क झालो. खरं सांगायचं तर तो थक्कपणा अजून गेलेला नाही.

पाय गेला तरी जोतीरामाचं अक्षर चांगलं होतं. पलटणीने त्याला लिहिण्याच्या कामावर ठेवून घेतलं. पुढे तो पेन्शनीत निघाला आणि १९३२ साली त्याला इंदापूरच्या मामलेदार कचेरीत कारकुनाची हंगामी जागा मिळाली. त्याने एक खोली भाड्याने घेतली आणि पिंपळीहून बायकोला आणलं. तिचं नाव सारजा.

मला पाय मिस्त्रीने केलं असेल, पण जोतीरामाचा पाय केलं ते सारजाने. तिने जुन्या लुगड्याची घडी घालून माझ्या आत मऊ गादी शिवली. पट्टा कडक होऊ नये म्हणून ती त्याला करडईचं तेल लावायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं. पण चालण्याच्या आवाजावरून ती सांगायची, "आज पट्टा ढिला बसलाय."

एकदा संध्याकाळी जोतीराम मला न सोडता भिंतीला टेकून बसला होता. त्याचं तोंड वाकडं झालं.

"काय हुतंय?" सारजाने विचारलं.

"बोटं खाजत्यात."

"कुठली?"

"गेल्याली."

दुसरं कोणी हसलं असतं. सारजा हसली नाही. तिने विचारलं, "आंगठा का करंगळी?"

"मधलं."

तिने मला मांडीवर घेतलं. मला बोटं नाहीत हे मी सांगितलंच आहे. मधलं बोट जिथे असायला हवं होतं, त्याच्या खाली तळव्यावर तिने नखाने खाजवलं.

"आलं का बरं?"

"जरा खाली. हां. व्हय, तितंच." आणि जोतीरामाने डोळे मिटले.

मित्रांनो, लाकडाला खाज नसते. जोतीरामाचा पाय तर बसऱ्याच्या वाळूत राहिलेला. ज्याला खाज नाही त्याला ती खाजवत होती, आणि जो पाय नाही तो शांत होत होता. मी नीरेच्या कालव्याचं पाणी कोरड्या माळातून चालत जाताना पाहिलं आहे. पण याहून मोठं नवल मी पाहिलेलं नाही. पुढे ती रोजचीच गोष्ट झाली. ती भाकरी थापतानासुद्धा म्हणायची, "थांबा, हात धुती न् येती. तवर खाजू द्या."

कचेरीत मात्र माझी गोष्ट कोणालाच माहीत नव्हती.

तिथे कारकून वहाणा दाराबाहेर काढून बैठकीवर मांडी घालून लिहायला बसत. जोतीराम बूट काढत नसे आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसे. बूट काढले तर मी दिसलो असतो. पाय नसलेला कारकून नको म्हणून आपल्याला घरी पाठवतील, ही त्याला धास्ती होती. जागा हंगामी, म्हणून डॉक्टरकडे कोणी धाडलं नव्हतं. लांब धोतर आणि पलटणीची ताठ चाल, यांत मी लपून गेलो.

लोकांनी त्याचा अर्थ निराळा घेतला. झुंबर पट्टेवाला त्याला पाहिलं की म्हणायचा, "सरका रं, लाटसाहेब आलं! बुटासकट बसणार हायती." अव्वल कारकून मोहनराव तोंडावर बोलत नसत, पण चहा पिताना ऐकू जाईल असं म्हणत, "काही लोकांना फरशीची लाज वाटते." देवळातही तेच. सारजा आत जायची आणि तो दीपमाळेपाशी थांबायचा. पलटणीत जाऊन धर्म बुडवला, असं बाया कुजबुजत. सारजा त्याच्या कपाळाला अंगारा लावून म्हणायची, "देवानं इचारलंय तुमाला."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, बाहीर का हुबा ऱ्हातोय येडा."

अशी दोनतीन वर्षं गेली. मग जोतीरामाची जागा कायम करायचं ठरलं आणि त्याचा पगार नियमाप्रमाणे नव्याने बांधायची वेळ आली.

तो नियम तुम्हाला साध्या शब्दांत सांगतो. पलटणीचा पेन्शनवाला सरकारी कारकून झाला, तर त्याचा पगार ठरवताना पेन्शन हिशोबात धरायची. पगार आणि पेन्शन मिळून पलटणीतल्या शेवटच्या पगाराच्या वर जायला नको. मात्र जखमेबद्दल जी पेन्शन असेल, ती या हिशोबात धरायची नाही. जोतीरामाला दोन्ही पेन्शनी होत्या. एक नोकरीची, एक माझ्या जागी जो पाय होता त्याची.

पण कागदावर 'डाव्या पायास जखम' एवढंच लिहिलेलं होतं. मोहनराव म्हणाले, "जखम होती. आता बरी झाली. माणूस ताठ चालतो. बरी झालेली जखम कसली वगळायची? सगळी पेन्शन पगारात धरा. काही म्हणणं असेल तर सोमवारी मामलेदारसाहेबांसमोर सांगा."

जोतीरामाने घरी येऊन सारजाला सगळं सांगितलं. सांगावं तर नोकरी जाण्याची भीती. न सांगावं तर पगार कापला जाणार.

"कापू दे," तो म्हणाला. "कमी खाऊ."

सारजा चुलीपुढून उठली. "कमी खाऊ, ते खाऊ. पर पायाचं पैसं पगारात धरलं, म्हंजी तुमचा पाय गेलाच न्हाय असं झालं की वो! मग मी इतकी वरसं काय खाजवती?"

तो माझ्यावरच्या बुटाकडे बघायला लागला.

"सोमवारी बूट काडून जावा," ती म्हणाली. "मी येती. भाईर बसून बूट राखती."

सोमवारी कचेरीच्या दारात जोतीराम थांबला. खूप वेळ थांबला. मग वाकून त्याने आधी उजवा बूट काढला, मग माझ्यावरचा. सारजाने दोन्ही बूट उचलून पदराखाली घेतले आणि ती ओसरीवर बसली.

त्या फरशीला मी पहिल्यांदाच उघडा लागलो. टक् असा आवाज झाला. मग उजव्या पायाचा काहीच नाही. पुन्हा टक्. लिहिणाऱ्यांचे टाक थांबले. झुंबर दार धरून उभा होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी एवढासा लाकडाचा तुकडा, पण त्या दिवशी ती सगळी कचेरी माझ्याकडे बघत होती.

मामलेदारसाहेबांनी चष्मा काढला. "हे कधीपासून?"

"बसऱ्यापासनं, साहेब."

"आणि कामाला?"

"काम हातानं करतो, साहेब."

मोहनरावांचा चेहरा उतरला होता, पण ते नियमाचे पक्के. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, पाय गेला हे खरं. वाईट वाटतं. पण वर लिहून पाठवायचं तर जखम आज आहे का, हे विचारतील."

साहेबांनी विचारलं, "आता दुखतं का तुम्हाला?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण जोतीरामाला खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "दुखत न्हाय, साहेब. खाजतं."

"काय खाजतं?"

"बोटं. आत्ता बी खाजत्यात."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मोहनरावही गोंधळले. "अहो, लाकूड खाजतं?"

जोतीरामाच्या कपाळावर घाम आला. भीतीने खाज वाढते, हे मला माहीत होतं. तो दाराकडे बघायला लागला.

तेवढ्यात सारजा आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पदर डोक्यावरून पुढे ओढून, बूट काखेत धरून ती सरळ चालत आली आणि नवऱ्याच्या पायाशी बसली. सगळ्यांना वाटलं, ही पाया पडते आहे. झुंबर तर म्हणालासुद्धा, "आवं बाई, हितं नगं."

तिने मला टाचेवर टेकवून पुढून उचललं आणि तळव्यावर नखाने खाजवलं.

"मधलं?"

"करंगळी."

तिने नख सरकवलं. जोतीरामाचे खांदे खाली आले. त्याने डोळे मिटून श्वास सोडला. ते सुख खोटं आहे, असं कोणालाही म्हणता आलं नसतं.

साहेब खुर्चीतून अर्धे उठून बघत होते. मग खाली बसून ते म्हणाले, "मोहनराव, जी अजून खाजते, ती जखम बरी झाली असं मला तरी लिहिता येणार नाही."

मोहनराव म्हणाले, "मलाही नाही, साहेब." आणि शेरा त्यांनी स्वतः लिहायला घेतला. जखमेची पेन्शन हिशोबातून वगळली गेली. जोतीरामाची जागा कायम झाली.

बाहेर पडताना मोहनराव दारापर्यंत आले. "जोतीराम, उद्यापासून बूट घालूनच या. फरशी गार असते."

"गार हाय, रावसाहेब," जोतीराम म्हणाला, "पर एकाच पायाला."

मोहनराव आधी दचकले आणि मग इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. त्या संध्याकाळी जोतीराम सारजाबरोबर देवळाच्या आत गेला. देवाच्या दगडी फरशीवर माझा टक् आवाज घुमला. एकही बाई कुजबुजली नाही.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. तीन वर्षांनी सारजा तापाने गेली. चार दिवसांचा ताप. मरणाच्या आदल्या दिवशी तिने विचारलं होतं, "पट्ट्याला त्याल लावलं का?"

पुढे माझ्या वरच्या कडेला चीर गेली. खडकीहून नवा पाय आला आणि मी खुंटीवर गेलो. नवा पाय चांगला आहे. त्याला बोटंही आहेत.

पण खाज थांबली नाही. जोतीरामाने नव्या पायाच्या बोटांना खाजवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. एके दिवशी त्याने मला खुंटीवरून काढलं आणि माझ्या तळव्यावरून हात फिरवला. तिथे एक लहानशी खोलगट जागा आहे. मिस्त्रीने केलेली नाही. सारजाच्या नखाने वर्षानुवर्षं झाली आहे. एवढं मऊ नख, आणि लाकडाला खळगा पडला! त्याने त्यात अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. खाज थांबली का, ते मला सांगता येत नाही. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. आता तो रोज तसा बसतो.

परवा शेजारचा गेणबा सुतार आला होता. भला माणूस. मला पाहून जोतीरामाला म्हणाला, "तात्या, ह्याला जरा घासून रंग मारतो. नव्यावाणी हुईल बघा." आणि त्याने माझा तळवा काचकागदाला लावलासुद्धा.

"हात लावू नगंस!" जोतीराम इतक्या जोरात ओरडला की गेणबाच्या हातातून मी खाली पडलो.

म्हणून तुमच्याजवळ एक मागणं आहे. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना जपा. त्यांना तेल लावा, कोरड्या जागी ठेवा. पण एखादी खोच, एखादा खळगा घासून सारखा करण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, ही खूण कुणाची आहे. मी लाकूड आहे. मला दुखत नाही आणि खाजत नाही. तरी गेणबाचा कागद त्या जागेवर टेकला, तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी घाबरलो.