पाच वाजताचे बाण

ताईला जीवरक्षकाची नोकरी हवी होती आणि त्यासाठी परीक्षेत चाळीस मिनिटांत तळं पोहून पार करायचं होतं. ती पोहत होती, बाबा शेजारून होडी वल्हवत होते आणि होडीत बसून वाट दाखवायचं काम मी ओढून घेतलं होतं. फोनवर तळ्याचा नकाशा होता. त्यावर वाऱ्याबरोबर तासातासाला बदलणाऱ्या पाण्याच्या ओढीचे बाण मुंग्यांसारखे उजवीकडे पळत होते, म्हणून मी ओरडले, "ताई, डावीकडे धर!"

"अगं, पाणी मला डावीकडेच ओढतंय!"

"तुला नकाशापेक्षा जास्त कळतं का? गप पोह!"

मग मला पाण्यावरची वाळकी पानं दिसली. तीपण डावीकडेच चालली होती. मी फोन नीट बघितला. बाण पळवायच्या नादात मी खालची वेळेची पट्टी संध्याकाळी पाचवर नेऊन ठेवली होती. वाजले होते सकाळचे आठ. पट्टी आठवर आणली, तर सगळे बाण उलटे फिरले.

गप्प बसले असते, तर खापर पाण्यावर फुटलं असतं.

"ताई, उजवीकडे धर! चुकलं माझं!"

बाबांचं वल्हंच थांबलं. "हे तू शाळेत बाईंपुढे एकदा म्हणाली असतीस, तर तुला शाळेतून काढलं नसतं."

"बाबा, वल्हवा ना!"

अडतिसाव्या मिनिटाला ताई पलीकडच्या पायरीला टेकली. परीक्षकांनी हात पुढे केला, तर ही धापा टाकत माझ्याकडे वळली. "आण तो फोन इकडे. बुडवते."