गच्च भरलेलं मेण

माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून येतं. शाळेत विज्ञान शिकवताना ते खपून जायचं. मुख्तारभाईंच्या बाबतीत मात्र त्याची भरपाई आता व्हायची नाही.

धरणगावात प्रमिलाबाईंच्या बचत गटासाठी मी कांदा सुकवायचं सौरयंत्र केलं होतं. त्यात खाली मेणाचे पत्र्याचे डबे. दिवसा मेण वितळत ऊन साठवणार, सूर्य मावळला की गोठता गोठता तीच ऊब परत देणार, म्हणजे कांदा संध्याकाळनंतरही सुकत राहणार. डबे सोनगीरच्या मुख्तारभाईंनी केले. चाळीस वर्षं पत्र्याला जोड देणारा माणूस. मेण मी भरलं, झाकणं त्यांनी पक्की बसवली.

एप्रिलच्या पहिल्याच कडक उन्हात डबे जोडावर फाटले. मेण उसळून सगळा कांदा बरबटला. बायका डोक्याला हात लावून बसल्या आणि मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "हात गेला तुमचा, मुख्तारभाई! होत नाही तर कामं घेता कशाला?" त्यांनी हत्यारं गोळा केली आणि निघून गेले.

दोन वर्षांनी, यंदा, मी घरीच एक डबा भरून पाहिला. काठोकाठ पातळ मेण ओतलं. सकाळी पाहतो तर मधोमध खड्डा. मेण गोठताना आकसतं, वितळताना फुगतं. त्याला जागा ठेवावी लागते. मागे हेच खड्डे मी वरून मेण ओतून गच्च भरले होते, आणि काम कसं चोख केलं म्हणून स्वतःवर खूशही झालो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिव्या खायच्या तयारीनेच सोनगीर गाठलं. मुख्तारभाई हायवेवरच्या ढाब्यावर भांडी घासत होते. मी तिथंच सांगून टाकलं, "चूक माझी होती. मेण मी जास्त भरलं. तुमचा जोड पक्का होता."

त्यांनी हात धुतले. "मंग मना हात बरा व्हता, सर?"

"होय."

"खरंच?"

"खरंच. परत काम सुरू करा. नवे डबे तुम्हीच करायचे."

"हत्यारं तं विकी टाकात, सर. तुम्ही शिकेल माणूस. तुम्ही सांगं, तवय माले वाटनं, हात गया व्हई. लोक काम लई येत, मीच नही म्हनू."

ते माझ्यावर रागावून गेले असतील, असं मी दोन वर्षं समजत होतो. त्यांनी तर माझं खरं मानलं होतं.