डीपी हलवणेबाबत

मूर्ख माणसं मी पुष्कळ सहन केली आहेत. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्यातली शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण निवृत्त झाल्यावर मूर्खांच्या दारात आपल्या पायांनी चालत जायची वेळ येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

आमची गल्ली खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. गाव शहरात घेतलं तेव्हा लोकांनी फटाके वाजवले होते. त्यानंतर इथं काही वाजत असेल तर ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डीपीत. डीपी म्हणजे विजेची ती लोखंडी पेटी, जिच्यातून घराघरांत लाईट जाते. आमच्या पेटीचं एक दार कोणीतरी भंगारात घातलं आणि दुसरं तारेनं बांधलेलं आहे. उन्हाळ्यात ती हात भाजेल इतकी तापते, पावसाळ्यात तडतडते. तिच्यापासून चार पावलांवर अंगणवाडीचं दार. सत्तावीस पोरं, सगळी तीन ते सहा वर्षांची. जूनमध्ये एक कुत्रं त्या पेटीला घासून गेलं आणि जागच्या जागी मेलं.

त्याच दिवशी अंगणवाडीच्या सेविका कांताबाई माझ्याकडे आल्या.

"बाई, आज कुत्रं गेलं. उद्या पोरगं जाईल. लाईनमनला धा वेळा सांगून झालं, त्यो निस्ता हो म्हणतोय. तुमी कायतरी लिवा की."

मी लिहिलं. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या कचेरीत कोणी नव्हता. नेमकं तेव्हाच पेपरात आलं होतं, की सेवा व सुविधा पडताळणी समिती पुण्यात येणार आहे. वीज, रस्ते, नियोजन, जे जे निर्णय सरकारनं घेतले ते योग्य होते की नाही, हे ही समिती तपासणार आणि नागरिकांची गाऱ्हाणी ऐकणार. समितीवर कोण, तर ज्यांनी ते निर्णय घेतले तेच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तरी मी अर्ज पाठवला. "विषय: डीपी हलवणेबाबत." पंधरा दिवसांत सुनावणीचं पत्र आलं आणि मी उगाचच खूश झाले.

सभागृह थंडगार होतं. व्यासपीठावर अध्यक्ष, त्यांच्या डाव्या हाताला नियोजन विभागाच्या उत्कर्षा मॅडम लॅपटॉप घेऊन, आणि तीन खुर्च्या सोडून वीज खात्याचे उपअभियंता राकेश साहेब साबुदाणा वडा घेऊन. कांताबाई माझ्याशेजारी नवं पातळ नेसून ताठ बसल्या होत्या.

"विषय क्रमांक चौदा, डीपी हलवणेबाबत," उत्कर्षा मॅडमनी वाचलं.

"डीपीबद्दल आपलं नेमकं म्हणणं काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"जुना झालाय. वीस वर्षांचा आहे," मी म्हटलं.

"अगदी मान्य. नव्याचं काम चालू आहे."

चला, माणूस शहाणा दिसतोय, असं मला वाटलं. "शिवाय त्यात उंदीर शिरलेत."

अध्यक्ष दचकले. "हे बघा, असे मोघम आरोप करू नका. पुरावा आहे?"

"पुरावा? अहो, शेपट्या बाहेर लोंबतायत."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी तिकडे डोळे वटारले.

"दारसुद्धा कायम उघडं," मी पुढं म्हटलं.

"डीपी सगळ्यांसाठी उघडाच असतो," उत्कर्षा मॅडम म्हणाल्या. "हरकती घ्यायला आम्ही तीस दिवस दिले होते. तेव्हा आपण कुठे होतात?"

"हरकती कसल्या? ठिणग्या उडतात त्यातून!"

"उडणारच," अध्यक्ष समजूतदारपणे म्हणाले. "लोकांच्या जमिनी जातात ना. आम्हाला भावना कळतात."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. या मंडळींचा डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन! शहराचा विकास आराखडा. रस्ता कुठून जाणार, बाग कुठे होणार, याचा नकाशा. माझा अर्ज विजेच्या टेबलावर गेलाच नव्हता. कोणा दिवट्यानं विषय वाचून तो थेट नकाशावाल्यांकडे ढकलला होता.

आता दिवट्या कोण, तेही सांगते. अर्ज लिहीत होते तेव्हा कांताबाई म्हणाल्या होत्या, "बाई, निस्तं डीपी नका लिवू, लाईटीचा डीपी लिवा." मी हसले होते. लाईटीचा! पेठेत जन्मलेल्या बाईनं अर्जात लिहावा असा हा शब्द आहे का? आणि डीपी लाईटीचा नसतो तर काय दुधाचा असतो? अर्ज सुटसुटीत हवा, असं त्यांना ऐकवून मी तो शब्द गाळला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"साहेब, विजेची पेटी!" मी उठून उभी राहिले. "अंगणवाडीच्या दारातली विजेची पेटी हलवा म्हणतेय मी. मुलं मरतील तिथं."

सगळ्यांनी राकेश साहेबांकडे पाहिलं. त्यांनी घास गिळला, हात पुसले, कागद चाळला. "आमच्याकडे या विषयाची नोंद निरंक आहे. अर्ज नियोजनात पडलाय."

"मग घ्या की आता तुमच्याकडे. तीन खुर्च्यांचं तर अंतर आहे!"

"तसं करता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "क्रमांक पडला की विषय त्या त्या विभागानंच निकाली काढायचा असतो. मॅडम, बघा जरा काय करता येतंय."

उत्कर्षा मॅडमनी नकाशा उघडला. मुलगी कामसू होती, हे मी नाकारत नाही. नसती तर बरं झालं असतं. त्यांनी आमची गल्ली शोधली, मोठी केली, त्यावर बोट ठेवलं. "इथे नऊ मीटरचा रस्ता आहे. अंगणवाडी दिसत नाही."

"नकाशात नसेल. जमिनीवर आहे."

"म्हणजे अतिक्रमण," त्या म्हणाल्या, आणि अध्यक्षांनी सुटल्यासारखी मान डोलावली. एकदाचं काहीतरी सापडलं होतं.

ती खोली गावानं वर्गणी काढून बांधलेली. जागा तिथले मूळ शेतकरी दत्तोबा यांनी दिलेली, तोंडी. शेत बिल्डरला गेलं तेव्हा एवढा तुकडा पोरांसाठी ठेवा म्हणून ते अडून बसले होते. आता दत्तोबा नाहीत, आणि कागद तर कधीच नव्हता. मी जन्मभर कागदावर जगलेली बाई, माझ्या हातात एक चिटोरं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाराव्या दिवशी सकाळी जेसीबी आला. कांताबाईंनी तक्ता, सतरंज्या, खिचडीचं पातेलं बाहेर काढून माझ्या पार्किंगमध्ये ठेवलं. भिंत पाडताना यंत्राचा दात पेटीकडे वळला, तसा रस्ते खात्याचा मुकादम बोंबलला, "ए, डीपीला धक्का लावू नको! आपल्या खात्याचा नाही तो!" म्हणजे डीपी कशाला म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. खोली अर्ध्या तासात गेली आणि पेटी जागेवर राहिली.

कांताबाई पार्किंगमध्ये सतरंज्या झटकत राहिल्या. शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. मला लाज वाटली. इतकी, की आठवडाभर मी त्यांच्या दारावरून गेले नाही.

पोरांचं "जवळच्या अंगणवाडीत समायोजन" झालं. ती जवळची अंगणवाडी हमरस्त्याच्या पलीकडे, दोन किलोमीटरवर. आया आठ वाजता सोसायट्यांमध्ये धुण्याभांड्याला जातात. पोरांना पोचवणार कोण? पूर्वी निदान दहा ते एक ती चार भिंतींच्या आत असायची. आता दिवसभर गल्लीत असतात, आणि गल्लीत मोकळी जागा एकच, पडलेल्या खोलीची. पेटीला लागून. मग मीच प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या नेऊन ठेवल्या. एकीवर कांताबाई, एकीवर मी, हातात वेताची छडी, आणि दिवसभर "ए, मागं हो! मागं हो म्हणते ना!"

ऑगस्टमध्ये राकेश साहेब स्वतः आले. पाऊस नुकताच थांबला होता. "नमस्कार, मॅडम. आपला विषय आमच्या वीज खात्यात वर्ग झाला बरं का. समितीनं तातडीनं पाहणी करायला सांगितली." मी खुर्चीवरून उठले. खोटं कशाला बोलू, मला आशा वाटली.

त्यांनी कागद पुढं केला. पाहणी करून आणि टाईप करूनच आणला होता. "सदर ठिकाणी अंगणवाडी अस्तित्वात नसल्याचे आढळून आले. सबब बालकांना असलेला धोका संपुष्टात आला असून पेटी हलवण्याची आवश्यकता राहिलेली नाही." खाली लिहिलं होतं, "अर्जदाराचे समाधान झाले," आणि सहीसाठी रेघ.

"आणि ही काय आहेत?" मी छडीनं पोरांकडे दाखवलं. दहाबारा जण चिखलात लगोरी मांडून बसली होती.

"ती तेव्हा अंगणवाडीची होती, मॅडम. आता ज्याची त्याची आहेत."

मी कागदाची घडी केली. कांताबाई माझ्याकडे बघत होत्या.

"करते सही," मी म्हटलं. "चष्मा घरात राहिलाय. येईपर्यंत तुम्ही या खुर्चीत बसा आणि पोरांवर लक्ष ठेवा."

राकेश साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, तिच्यामागच्या पेटीकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागं सरकले. आत तडतड चालू होती.

"तिथं नको, मॅडम," ते म्हणाले. "जमीन ओली आहे. अशा वेळी आम्हीसुद्धा तिच्याजवळ जात नाही."

लगोरीचा चेंडू त्यांच्या बुटाला लागून पेटीकडे घरंगळला, आणि कांताबाईंनी त्यामागं धावलेल्या पोरीला बकोटीला धरून मागं ओढलं.