वल्ह्यावरचे चार दात

मित्रांनो, मी एक जुने वल्हे आहे. पण तुम्ही मला ओळखणार नाही. एका शिवणकामाच्या दुकानात मला दोन खुंट्यांवर आडवे ठेवले आहे आणि माझ्या अंगावर तयार कपडे टांगलेले असतात. इतके कोरडे मी आयुष्यात कधी नव्हते.

मला एका सुताराने घडवले. रंध्याचा शेवटचा हात फिरवून त्याने मला गालाला लावून पाहिले आणि म्हणाला, "कुसळ नाही एकही." त्याची धाकटी बहीण कपडे शिवायची. अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार, म्हणून तो तिला 'सुई' म्हणे; ती त्याला दादा. रविवारी सकाळी दोघे होडी घेऊन नदीत गळ टाकायला जात.

एका रविवारी सकाळभर बसून एकच मासा लागला. दादाने मला होडीच्या काठाला तिरके टेकवले होते, माझे पाते पाण्यात होते. अचानक अंगावर ओले वजन आले. एक पाणमांजर शिडी चढावी तशी माझ्यावरून वर आली, होडीत उतरली आणि टोपलीतला मासा खुशाल खाऊ लागली. दादाने गडबडीत मला तिच्यापुढे आडवे धरले. तिने माझ्या दांड्यात कचकन दात रोवले.

"दादा, ठेव ते खाली! मासा तिचा, वल्हं आपलं!" सुई ओरडली.

दादाने मला पुन्हा काठाला टेकवले. मासा संपवून पाणमांजर माझ्यावरूनच परत पाण्यात गेली. माझ्या दांड्यावर चार खोल खुणा राहिल्या.

"म्हणजे सकाळभर आपण हिची न्याहारी शोधत होतो," सुई म्हणाली. दादा इतका हसला की होडी डुलू लागली.

त्यानंतर दर रविवारी तो मला तसेच तिरके लावून एक मासा बाजूला ठेवी.

"माझी कधी एवढी वाट बघितलीस का रे?" सुई टोमणा मारी.

"तू न बोलावता येतेस," दादा म्हणे.

पाणमांजर कधी येई, पुष्कळदा येत नसे. एकदा दोन पिल्ले घेऊन आली. पिल्ले माझ्यावरून सारखी घसरत होती. त्या इवल्या पंजांची गुदगुली मला अजून आठवते.

मग दादाला झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले. होडी दुसऱ्याकडे गेली, माझे जोडीदार वल्हेही तिच्याबरोबर गेले. मला मात्र दादाने डाव्या हाताने घट्ट धरून ठेवले. तेव्हापासून मी सुईच्या या दुकानात आहे. तो माझ्याखाली बसून बटणे निवडतो आणि मधूनच हात वर करून त्या चार खुणा चाचपतो.

गेल्या आठवड्यात एका बाईंच्या नव्या झग्याचा धागा त्या खुणांत अडकून ओढला गेला. बाई रागावून गेल्या. सुईने मला खाली काढले आणि काचकागद आणला. पहिला घासा बसला, तोच दादाने खुणांवर तळहात ठेवला.

"सरक, दादा. अशाने गिऱ्हाईक तुटेल."

त्याचे ओठ हलले. शब्द यायला फार वेळ लागला. "ती... आली तर?"

"कुठे येणार ती? दुकानात?"

"ओळख... कशी पटेल तिला?"

सुईचा हात थांबला. तिने काचकागद बाजूला ठेवला. मग तिने मऊ कापडाची एक पट्टी कापली आणि खुणांवर गुंडाळून बांधली.

"सुरगाठ मारलीय," ती नाक पुसत म्हणाली. "डाव्या हाताने सुटेल अशी."

आता दुपारी दुकान बंद झाले की दादा ती गाठ सोडतो. खुणांवर बोटे ठेवून तो माझ्याजवळ बसतो. आमच्या मनात एकच नदी असते.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर ओरखडा दिसला तर लगेच घासू नका. तो कुणाचा आहे, ते आधी विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी नदीकडे निघाले असेल, तर दादाला आणि मला बरोबर न्या. मला चालवू नका, माझ्यात आता तेवढे बळ नाही. फक्त पाते पाण्यात राहील असे टेकवा. थोडे तिरके.