फूटभर आखूड दोरी

त्र्याहत्तर सालच्या त्या रविवारी रामाजी उजाडताच मैदानावर रेघा आखायला आला, आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

रामाजी गिरणीत विणकर. वस्तीतल्या मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी मुरुमावर चुना पाडायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलेलं. माप म्हणजे त्याची जुनी दोरी. तिच्यावर त्याचा बायकोपेक्षा जास्त भरवसा. पण आजचे पंच कडक म्हणे, म्हणून त्यानं सुताराची टेप मागून आणली होती. फ्री थ्रोची रेघ फळ्यापासून पंधरा फुटांवर हवी, पण जुन्या रेघेपाशी टेप चौदाच फूट दाखवत होती. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली दोरी त्यानं गाठ मारून जोडली होती. कुरतडलेलं आणि गाठीत गेलेलं मिळून फूटभर दोरी कमी झाली, हे या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आज सावनेरच्या संघाला हरवलं तरच संघ ब गटातून अ गटात जाणार होता, आणि खेळाडूंच्या नोकरीच्या चाचणीला साहेब लोक अ गटातल्याच मुलींना बोलवत. चूक कबूल करावी, तर या मैदानावर जिंकलेले तीन सामने रद्द व्हायचे. इकडे आड, तिकडे विहीर. रामाजीनं जुनी रेघ पायानं पुसली, नवी बरोबर मापानं आखली आणि तोंडाला कुलूप लावलं.

सामना सुरू झाला. वस्तीच्या मुलींचे सात फ्री थ्रो आखूड पडले. बघायला आलेल्या बाया हळहळत होत्या, त्यांतली कांताबाई मुलींना सकाळी जेवला नाहीत का म्हणून विचारत होती. रामाजीला मान वर करवेना.

शेवटी बत्तीस-बत्तीस. वेळ संपता संपता नीलाला धक्का बसला आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले. एक पडला तरी जिंकलो. नीलाचा नेम वस्तीत सगळ्यांत पक्का. चेंडू कडीच्या अलीकडेच खाली आला.

मग त्याला तिचे पाय दिसले. ती रेघेच्या फूटभर मागे उभी होती. नेहमीच तशी उभी राहायची. चुन्याले भेतं का वं, म्हणून त्यानं कितीदा तिला चिडवलं होतं. रामाजीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरीनं दोरीची चूक कधीच ओळखली होती आणि गुपचूप खऱ्या मापानं सराव केला होता. आज रेघ बदललीय, हे तेवढं तिला ठाऊक नव्हतं.

पंचांनी चेंडू तिच्या हातात दिला. रामाजीच्या शेजारीच सावनेर संघाचे प्रशिक्षक मधुकरराव बसले होते. रामाजी उभा राहिला.

"नीला, समोर ये वं. रेघ आज बरोबर हाय. आजवर माही दोरी फूटभर आखूड होती."

सगळं मैदान त्याच्याकडे बघायला लागलं. नीलाही.

"मले मालूम होतं, काका," ती म्हणाली. "तुमाले वाईट वाटंल म्हणून बोलली नाही."

ती रेघेपाशी सरकली. चेंडू जाळीतून सरळ खाली आला. बाया ओरडत मैदानात धावल्या, पण मधुकरराव आधीच तक्रार घेऊन पंचांच्या टेबलाकडे निघाले होते. रामाजीनं खिशातली दोरी काढली आणि कुणी मागायच्या आत स्वतःच टेबलावर नेऊन ठेवली.