नकाशावरचा धर्मसिंगाचा तांडा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. १९३४ साली मोजणीदारांनी औंढ्याकडचे डोंगर, ओढे आणि वाटा पायी हिंडून माझ्यावर उतरवल्या. एका टेकडीखाली त्यांनी सात काळी घरं काढली, शेजारी विहिरीचं निळं वर्तुळ काढलं आणि लिहिलं, ‘धर्मसिंगाचा तांडा’.

पुढे मी एका कचेरीत आलो. साहेब लोक मला कौतुकाने टेबलावर पसरत. मग नवे कागद आले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

१९४८च्या उन्हाळ्यात हत्यारबंद टोळीने तो तांडा जाळला. माणसं पांगली. पावसाळ्यात शेजारच्या जमीनदाराने त्या राखेवर नांगर फिरवला.

दिवाळीनंतर धर्मसिंगाची सून रूपाबाई कचेरीत आली. तिचा नवरा हिरासिंग त्या दिवसापासून दिसला नव्हता. तिथे कधी वस्तीच नव्हती असं सांगून जमीनदार तिला शेतात पाऊल टाकू देत नव्हता.

कारकून तातेराव म्हणाले, “बाई, दप्तरात तांड्याची नोंद न्हाई.”

“तेरा वर्सं नांदले मी तिथं. न्हाई काहून म्हणता?”

तातेराव उठून कपाटाकडे गेले. मग त्यांनी मला खाली काढून झटकलं. माझ्यावरून फिरणारं त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, “धर्मसिंगाचा तांडा.”

रूपाबाईने पदर तोंडाशी धरला. “माझ्या सासऱ्याचं नाव हाय ते.”

दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन ती दोघं शेतात गेली. जमीनदार आडवा आला, पण तातेरावांनी मला त्याच्यासमोर धरलं तेव्हा बाजूला झाला. टेकडी आणि ओढ्याचं वळण पाहून त्यांनी माझ्यावरच्या विहिरीच्या जागेपर्यंत पावलं मोजली.

“हितं खणा.”

दोन हातांवर विहिरीचा काठ लागला. आत दगड भरले होते. ते काढता काढता सूर्य कलला, आणि तळाशी हिरासिंग सापडला. हातातल्या कड्यावरून रूपाबाईने त्याला ओळखलं.

ती रडली नाही. म्हणाली, “लिवून घ्या, साहेब. हिरासिंग धर्मसिंग. हितंच राहत व्हता.”

तातेरावांनी शिसपेन्सिलीने माझ्या कडेला ते लिहिलं. जमीन काही तिला त्या वर्षी मिळाली नाही.

मित्रांनो, घरात किंवा शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला रद्दीत घालू नका. ओलीपासून, वाळवीपासून जपा. आपलं माणूस शोधत येणाऱ्याला यायला उशीर होतो, तोवर आम्ही टिकायला हवं.